जहाजाची सहल आणि जवळचा पैसा



या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहावे असा विचार होता. परंतु गेली दोन वर्षे हंगाम संपत आला की गट ऑफिसात एक वेगळाच प्रश्न कानावर येतो. लागणीची नोंद होते, तोडीची तक्रार सांगून होते, चहा होतो आणि मग सभासद खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात विचारतात, "साहेब, औंदा बोटीवर जायचं ठरलंय. पैसं किती न्यायचं, आन् ठेवायचं कुठं?" प्रश्न विचारणारे एक-दोन नाहीत. तेव्हा पाचटाचे पुढच्या अंकी पाहू.

पूर्वी आपल्या भागातील सहल म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, कोकण दर्शन, फार तर काशी-रामेश्वर. सन २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबई बंदरातून गोवा, कोची, लक्षद्वीप असे प्रवासी जहाज सुटू लागले. सन २०२३ च्या जूनमध्ये चेन्नईहून श्रीलंकेची फेरी सुरू झाली. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या परदेशी जहाजांवरही आता मराठी मंडळी भरपूर दिसतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईच्या फेऱ्या साधारण दिवाळीच्या सुमारापासून मे महिन्यापर्यंत. आपला गळीत हंगाम मार्च-एप्रिलात आटोपतो, बिलाचा हप्ता खात्यावर आलेला असतो आणि आडसाली लागणीला अजून दीड-दोन महिने अवकाश असतो. त्यामुळे आपल्या सभासदांचा जाण्याचा महिना म्हणजे मे. बहुतेक वेळा पुण्या-मुंबईस नोकरीला असलेला मुलगा आईवडिलांचे तिकीट परस्पर काढतो आणि फोनवर सांगतो, "सगळं भरलंय, तुम्ही फक्त बसा." सगळे भरलेले नसते, आणि जे भरलेले नसते त्याचा हिशेब कसा होतो हे मुलाने सांगितलेले नसते. घोटाळा तेथून सुरू होतो.

तिकिटात राहण्याची खोली, रोजचे जेवण-नाष्टा, नाटक-गाण्याचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव इतके येते. बाटलीबंद पेये, वेगळी खास हॉटेले, बंदरावर उतरल्यावरची बसची सहल, फोटो, कपडे धुणे, इंटरनेट, दुकाने, मालिश आणि डॉक्टर यांचे पैसे वेगळे पडतात. डॉक्टरचे विशेष सांगतो. जहाजावर दवाखाना असतो, पण तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखा मोफत नसतो आणि परदेशी जहाजावर साध्या सलाईनचे बिल पाहून माणूस पुन्हा आजारी पडेल. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या घरून पुरेशा न्याव्यात आणि प्रवास विमा काढावा. शिवाय बऱ्याच परदेशी कंपन्या सेवाशुल्क म्हणून माणशी दररोज पंधरा-वीस डॉलरच्या आसपास रक्कम बिलात आपोआप धरतात. नवरा-बायको चार रात्री गेले तर तेवढ्यानेच दहा-बारा हजार रुपये होतात. तिकीट काढतानाच हे विचारून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. जहाजावर रोख पैसा चालत नाही म्हटले तरी चालेल. चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तीच उधारीची वही. गावातील किराणा दुकानात आपण जशी वही ठेवतो, "लिहून ठेव रे," म्हणतो आणि बिल आल्यावर फेडतो, अगदी तसे. फरक एवढाच की दुकानदार आपल्याला ओळखतो आणि वही फुगली की तोच म्हणतो, "आण्णा, लई झालं बरं का." जहाजावर असे कोणी म्हणत नाही. कार्ड दाखवले, सही केली, की रक्कम खोलीच्या खात्यावर पडते. शेवटच्या रात्री एकदम हिशेब येतो.

या खात्यापोटी सुरुवातीलाच काहीतरी जामीन ठेवावे लागते. एक तर बँकेचे कार्ड नोंदवायचे, नाहीतर स्वागत कक्षात रोख अनामत भरायची. बँकेचे कार्ड नोंदवले की जहाजवाले काही रक्कम अडवून ठेवतात. ती रक्कम खर्च झालेली नसते, पण आपल्याला वापरताही येत नाही, आणि डेबिट कार्ड असेल तर घरी आल्यावरही ती सुटायला काही दिवस लागतात. म्हणून ज्यांचे एकच खाते आहे अशा सभासदांनी माझ्या मते रोख अनामत भरावी आणि पावती घ्यावी. अनामत संपली की खाते बंद पडते. हीच त्यातली खरी सोय. दांडाला जेवढे पाणी सोडले तेवढेच सरीत जाते.

येथे एक गोष्ट ठळक सांगणे आवश्यक आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात जे रुपे कार्ड असते ते किसान क्रेडिट कार्डाचे, म्हणजे पीककर्जाच्या खात्याचे असते. ते जहाजावर नोंदवू नये. एटीएममधून पैसे निघतात म्हणून ते आपले पैसे आहेत असा समज होतो. ते कर्ज आहे. वेळेवर फेड केली तरच व्याजाची सवलत मिळते, हे आपण जाणताच. बोटीवर केलेला खर्च पीककर्जात गेला आणि जूनअखेर फेड चुकली, तर गोव्याचा नारळ घरी येईपर्यंत बराच महाग पडेल. बचत खात्याचे कार्ड वेगळे काढून घ्यावे व त्यात सहलीपुरतीच रक्कम ठेवावी. जिल्हा बँकेचे कार्ड देशाबाहेर चालते की नाही हे शाखेत विचारून घ्यावे. रिझर्व्ह बँकेने सन २०२० च्या १ ऑक्टोबरपासून असा नियम केला की नवे कार्ड देशाबाहेर आपोआप चालत नाही. ग्राहकाने ते स्वतः सुरू करून घ्यावे लागते. सुरू करताना रोजच्या खर्चाची मर्यादाही ठरवता येते. ती जरूर ठरवावी.

आणि पिन नंबर. कार्डाच्या पाकिटावर बॉलपेनने पिन लिहून ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पाकीट हरवले की चोराला विचारायलासुद्धा यावे लागत नाही. पाठ होत नसेल तर तो आकडा घरच्या एखाद्या माणसाच्या ध्यानात ठेवावा, कार्डाजवळ नव्हे.

आता तरुण सभासद म्हणतील, एवढे कशाला, फोन आहे की. फोनवरून पैसे देण्याची सवय आपल्याला इतकी झाली आहे की चहाच्या टपरीवरही कोणी सुटे काढत नाही. परंतु किनारा मागे पडला की जमिनीवरचे नेटवर्क जाते. नेटवर्क नाही म्हणजे पैसे जात नाहीत, बँकेचा ओटीपी येत नाही आणि शिल्लकही कळत नाही. उलट फोन जहाजावरचे उपग्रहाचे नेटवर्क आपोआप पकडतो, आणि त्यावर एक फोन घेतला तरी बिल असे येते की विचारू नका. जहाज सुटले की फोन विमान मोडवर टाकावा. गोव्याच्या किंवा कोचीच्या बंदरात उतरलात की फोन पूर्ववत चालतो. श्रीलंका, सिंगापूर, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती येथे आपल्या यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे, पण ती प्रत्येक दुकानात नसते, ॲपमध्ये ती अगोदर सुरू करावी लागते आणि तेथे इंटरनेटही लागते. तेव्हा फोन जवळ असावा, पण फोनच्या भरवशावर राहू नये.

मग रोख लागतच नाही काय? लागते. उतरल्यावर लागते. रिक्षा, शहाळे, देवळातील दक्षिणा, मुलांची खेळणी, हमाल, समुद्रकिनाऱ्यावरचे खेळ. मुंबई-गोवा अशा तीन रात्रींच्या सहलीला एका जोडप्याने आठ ते दहा हजार रोख न्यावी असे माझे मत आहे. त्यात निम्म्या नोटा शंभर व त्याखालच्या असाव्यात. पाचशेची मोड समुद्रकाठी कोणी देत नाही. आणि ट्रंकेच्या तळातून कोणाची दोन हजाराची गुलाबी नोट निघाली तर ती नेऊ नये. रिझर्व्ह बँकेने सन २०२३ च्या मे महिन्यात ती चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले, शहाळेवाला ती घेणार नाही.

ही रोख ठेवायची कुठे? गेल्या मे महिन्यात आपल्या गटातील अकरा जोडप्यांबरोबर मी जहाजाने जाऊन आलो. तेथे जे पाहिले त्यावरून सांगतो.

बंदरात पोहोचल्याबरोबर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात. त्या तपासणी होऊन कित्येक तासांनी खोलीच्या दारात येतात. आमच्यातील एका काकांनी चाळीस हजार रुपये भडंगाच्या डब्यात घालून डबा मोठ्या बॅगेत ठेवला होता. एसटीत बॅग मांडीवर असते, म्हणून ही युक्ती त्यांनी आयुष्यभर वापरली आणि ती कधी फसली नाही. येथे बॅग हातातून गेली आणि काकांचा चेहरा उतरला. काही बोलेनात. दुपारी सगळे जेवायला गेले, जहाज सुटताना सगळे गच्चीवर गेले, मुंबईचा किनारा मागे पडताना पाहिला. काका मात्र खोलीच्या दाराशी पायावर पाय ठेवून बसलेले. काकी दोनदा बोलवायला आल्या, "अवो, चला की, पोरं वाट बघत्यात," तरी हलले नाहीत. संध्याकाळी सात वाजता बॅग आली. पैसे, भडंग सगळे जागच्या जागी. पण ज्या दिवसासाठी मुलाने तिकीट काढले होते तो दिवस दारात बसण्यात गेला. पैसे, औषधे, दागिने, आधार कार्ड, पासपोर्ट ही सर्व हातातील लहान पिशवीत असावीत. उतरण्याच्या आदल्या रात्रीही बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. त्या वेळीही हेच ध्यानात ठेवावे.

खोलीत भिंतीत किंवा कपाटात एक लहान लोखंडी तिजोरी असते. चार आकडे आपण ठरवायचे, दार लावायचे. त्या आकड्यांत जन्मसाल किंवा एक-दोन-तीन-चार घालू नये. रोख, जादा कार्ड, पासपोर्ट त्यात ठेवावे आणि त्या दिवशी लागेल तेवढेच बरोबर घ्यावे. या तिजोरीचा खरा धोका चोर हा नाही, आपला विसरभोळेपणा हा आहे. उतरण्याच्या सकाळी गडबड असते, हाका चाललेल्या असतात, आणि तिजोरी बंदच राहते. आमच्यातील एका वहिनींनी यावर नामी उपाय काढला. शेवटच्या रात्री नवऱ्याच्या उजव्या पायातील चप्पल त्यांनी पैशांबरोबर तिजोरीत घातली. चपलेशिवाय माणूस उतरणार कसा?

अंगावर पैसे ठेवायचे तर आपल्या जुन्या रीती वाईट नाहीत. कनवट धोतराबरोबर गेली, चंची पानाबरोबर गेली, पण कोपरीचा आतला खिसा आणि बायकांची कमरेला खोचायची कापडी पिशवी ही दोन्ही कोणत्याही विकतच्या चामडी पट्ट्यापेक्षा सरस. शर्टाच्या आतून एक सुती खिसा गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्यावा, वर बटण लावावे. पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवून बंदरातील गर्दीत फिरणे म्हणजे उभ्या उसात जनावरे सोडून घरी झोपणे. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज काठाला लागत नाही. लहान होड्यांतून उतरवतात. अंगावर पाणी उडते, कधी गुडघाभर पाण्यातून चालावे लागते. नोटा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून मगच खिशात घालाव्यात. आणि पोहण्याच्या तलावाशी खुर्चीवर टॉवेलखाली पाकीट ठेवून पाण्यात उतरणारे सुशिक्षित लोकही मी पाहिले आहेत. तेव्हा खेडवळ म्हणून आपण लाजण्याचे कारण नाही.

गटाने जाणारी मंडळी सामाईक पैसे काढतात. आम्हीही माणशी दोन हजार काढले आणि सर्वांत विश्वासू म्हणून एका तात्यांच्या हाती दिले. वही-पेन तात्यांकडे, हिशेब पै-पैचा. विश्वासाचा प्रश्नच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तात्यांना बोट लागली. डोके वर उचलवेना, खोलीत पडून राहिले, आणि खाली बंदरात वीस माणसे बसवाल्याशी घासाघीस करीत उभी. बरोबर प्रत्येकाकडे शंभर-दोनशे. शेवटी एकाने वर जाऊन तात्यांच्या उशाखालून पैसे आणले, तोपर्यंत बस गेली होती. सामाईक पैसा तीन माणसांत वाटून ठेवावा, हिशेबाची वही एकाकडेच असावी. नवरा-बायकोनेही तसेच करावे. सगळे पैसे आणि सगळी कार्डे एकाच्याच खिशात नकोत. आपल्याकडे बायकोजवळ पैसे देण्याची पुरुषांना सवय नाही. बाजारात चुकामूक झाली तर ती बाई परक्या बंदरात रिक्षासुद्धा करू शकत नाही. हजार रुपये आणि जहाजाचे नाव, सुटण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाजवळ असावी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की त्यावरचा जुगाराचा हॉल उघडतो. त्याला कॅसिनो म्हणतात. दिवे, गाणी, गार हवा, आत घड्याळ नाही. तेथे कोणी जबरदस्ती करीत नाही, उलट फार अदबीने बोलतात. अनेक जहाजांवर रोख पैसे न देता खोलीच्या कार्डावरूनच खेळाच्या चकत्या घेता येतात. चकती हातात आली की ती पैसा वाटत नाही, हेच त्या धंद्याचे मर्म आहे.

आमच्या एका सभासदांचा मुलगा बरोबर होता. वय तेवीस, शेती पाहतो, ठिबक स्वतः जोडतो, कसलेही व्यसन नाही. पहिल्या रात्री पाचशे रुपये लावले, अठराशे झाले. दुसऱ्या रात्री तो जेवणानंतर गेला आणि पहाटे तीनला खोलीत आला. सकाळी वडील सहज स्वागत कक्षात गेले, खात्यावर किती झाले ते पाहावे म्हणून. सेहेचाळीस हजार दोनशे. त्यांना वाटले आकडा दुसऱ्या खोलीचा आहे. कारकुनाने कागद काढून दिला, ओळीवर ओळ तेच नाव, वेळ रात्री साडेअकरा, बारा दहा, एक, दीड.

ते गच्चीवर येऊन माझ्या शेजारी बसले. बराच वेळ समुद्राकडे पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, जुलैत दोन एकर आडसाल धरायचीय. बेण्याचं आन् डोसाचं पैसं होतं ते." मुलगा दहा पावलांवर कठड्याला धरून उभा होता, जवळ यायला धजत नव्हता. मी त्या वेळी उपदेश केला नाही. बापानेही आवाज चढवला नाही. थोड्या वेळाने तेच उठले, मुलाजवळ गेले आणि म्हणाले, "चल, नाष्टा बंद हुतोय."

पुढे आम्ही तिघे स्वागत कक्षात गेलो. खोलीच्या खात्यावरून कॅसिनोचा व्यवहार बंद करता येतो, एकाच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते, लहान मुलांच्या कार्डावर खर्च पूर्णपणे बंद ठेवता येतो, हे तेथे विचारल्यावर कळले. कोणीही आपण होऊन सांगितले नव्हते, आणि माहितीच्या छापील पत्रकात ते होते की नाही हे इंग्रजी बारीक अक्षरांत कोण शोधणार? तेवढे बंद करून घेतले. गेलेले पैसे गेले. त्या सभासदांना बेणे व खत कारखान्याच्या उधारी योजनेतून मिळाले, ते बिलातून कपात होईल. ती लागण मी मागील महिन्यात पाहिली, उगवण उत्तम आहे आणि पाणी मुलगाच देतो. त्यांच्या परवानगीने, नाव न देता, हे लिहिले आहे. जे सभासद मुलांना घेऊन जाणार आहेत त्यांनी जहाजावर पाय ठेवल्याबरोबर, चहासुद्धा न घेता, स्वागत कक्षात जाऊन या तीन गोष्टी विचाराव्यात. आणि रोज सकाळी खात्याचा कागद मागावा. मागितला तर देतात.

परदेशी जहाजाने जाणाऱ्यांसाठी थोडे नियम. देशाबाहेर जाताना जवळ भारतीय रुपये जास्तीत जास्त २५,००० नेता येतात. सिंगापूरसारख्या देशांच्या सहलीला परदेशी नोटांच्या रूपाने एका सहलीस ३,००० डॉलरपर्यंत मिळतात. त्यापुढची रक्कम फॉरेक्स कार्डावर भरून घ्यावी लागते. एवढे आपल्याला लागत नाही, दोघांत दोन-अडीचशे डॉलर रोख पुष्कळ झाले, बाकी कार्डावर. चलन बँकेतून किंवा परवानाधारक बदली करणाऱ्याकडूनच घ्यावे, पॅन कार्ड न्यावे, पावती जपून ठेवावी. ५०,००० रुपयांपर्यंतचे चलन रोखीने घेता येते, त्यावरील रकमेला चेक किंवा कार्ड लागते. विमानतळावरच्या खिडकीत भाव वाईट मिळतो, म्हणून चार-आठ दिवस आधी घ्यावे. शंभराच्या नोटा कमी आणि वीस व त्याखालच्या जास्त मागाव्यात. फाटकी, शाई लागलेली, फार चुरगळलेली नोट तेथेच परत करावी, बाहेर ती कोणी घेत नाही. जहाजावरचा हिशेब कोणत्या चलनात होणार ते तिकिटावर पाहावे, बहुतेक ठिकाणी अमेरिकन डॉलर असतो.

दुकानात कार्ड दिले की कधी कधी यंत्र विचारते, पैसे रुपयांत घेऊ की त्यांच्या चलनात? आपल्याला वाटते रुपये बरे, आकडा समजतो. पण रुपये म्हटले की दुकानदाराच्या बाजूने भाव लागतो आणि तो चढा असतो. तेथे त्यांचेच चलन सांगावे. साधे कार्ड परदेशात वापरले की आपली बँकही वर काही टक्के घेते, पुष्कळ बँकांत साडेतीन टक्क्यांपर्यंत. फॉरेक्स कार्डात ते बहुधा वाचते.

सोन्याविषयी दोन वाक्ये. पाटल्या, मोहनमाळ, गोठ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जावे, मंगळसूत्र आणि कानातले पुरे. परदेशी सहलीला जास्त दागिने अंगावर असतील तर परतताना कस्टमवाले विचारतात, त्यासाठी जाण्यापूर्वीच त्यांच्याकडून दाखला घ्यावा लागतो.

कार्ड हरवले तर जहाजाचे असल्यास ताबडतोब स्वागत कक्षात सांगावे, ते पाच मिनिटांत बंद करून दुसरे देतात. बँकेचे असल्यास बँकेला कळवावे. बँकेचा नंबर फोनमध्ये असतो आणि फोनही त्याच पिशवीबरोबर गेलेला असतो, म्हणून तो नंबर कागदावर लिहून दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावा. फसवणुकीने खात्यातून पैसे गेल्यास भारतात १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवणाऱ्या ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. जितका उशीर तितका भार आपल्यावर येतो, तेव्हा त्याच दिवशी कळवणे इष्ट.

शेवटच्या रात्री हिशेबाचा कागद दाराखालून आत सरकवलेला असतो, किंवा स्वागत कक्षात मिळतो. तो चष्मा लावून ओळीओळीने वाचावा. सही केलेल्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तर पडताळता येते. आमच्यातील दोघांच्या बिलात न घेतलेले फोटो धरलेले होते, रात्रीच दाखवल्यावर विनातक्रार काढून टाकले. उतरल्यावर घरून पत्रव्यवहार करून हे होणे कठीण. रोख अनामतीतून उरलेले पैसेही रात्रीच घ्यावेत, सकाळी तेथे आपल्या वजनकाट्यावर हंगामात लागते तशी रांग असते. पैसे मोजून घ्यावेत, मागे कोणी खोळंबले तरी.

परत आल्यावर उरलेले परदेशी चलन १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा परवानाधारकाकडे परत करावे लागते. २,००० डॉलरपर्यंत पुढच्या सहलीसाठी जवळ ठेवता येतात.

येत्या मे महिन्यात जाणाऱ्या सभासदांनी कार्डाची, मर्यादेची व चलनाची चौकशी बँकेत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करावी. मार्चअखेर सोसायटीच्या आणि बँकेच्या वसुलीची धांदल असते, तेव्हा शाखेत कोणी नीट बोलत नाही. स्वागत कक्षात विचारावयाचे प्रश्न मराठीत व इंग्रजीत एका कागदावर टाईप करून प्रत्येक गट ऑफिसात ठेवले आहेत. चिटबॉयकडे मागितल्यास तो घरपोच आणून देईल.